पानेत्तोने : मिलान शहराचा नाताळचा गोड पाव आणि तो घरी भाजण्याची पद्धत

नाताळच्या दिवसांत इटलीतील क्वचितच एखादे घर असे असेल की जेथे पानेत्तोनेचा डबा उघडला जात नाही. उंच, घुमटाकार, वरून गडद तपकिरी आणि आतून पिवळसर असा हा गोड पाव मूळचा उत्तर इटलीतील मिलान शहराचा. अंड्यातील पिवळा बलक, लोणी, बेदाणे आणि साखरेत पाकवलेल्या संत्र्याच्या व महाळुंगाच्या साली यांनी तो समृद्ध झालेला असतो. दिसण्यात तो केकसारखा असला तरी तो केक नव्हे. बेकिंग पावडर किंवा सोडा यांचा त्यात अंशही नसतो. तो फुगतो तो केवळ आंबवण्याच्या क्रियेने, आणि या क्रियेसाठी कारागीर दोन ते तीन दिवस देतो.

गेल्या काही वर्षांत भारतातील मोठ्या शहरांतही नाताळच्या सुमारास हा पाव दुकानांतून दिसू लागला आहे. आयात केलेला डबा महाग असतो, म्हणून अनेक हौशी मंडळी तो घरी करून पाहतात. मात्र घरगुती बेकिंगमधील हा सर्वांत कठीण पदार्थांपैकी एक मानला जातो. कारण समजून न घेता केलेला पानेत्तोने भट्टीत सुरेख फुगतो आणि बाहेर काढल्यावर डोळ्यांदेखत खचतो. दोन दिवसांचे श्रम आणि महागाचे साहित्य वाया जाऊ नये यासाठी कृतीइतकीच तिच्यामागील कारणेही माहीत असणे आवश्यक आहे.

नाव आणि इतिहास

पानेत्तोने या नावाविषयी मिलानमध्ये अनेक आख्यायिका सांगितल्या जातात. पंधराव्या शतकात लुदोविको स्फोर्झा या सत्ताधीशाच्या मुदपाकखान्यात नाताळच्या मेजवानीचे मिष्टान्न करपले. तेव्हा तोनी नावाच्या पोऱ्याने उरलेल्या पिठाचा गोड पाव पुढे केला आणि त्याला ‘तोनीचा पाव’ हे नाव पडले, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय कथा. तिला ऐतिहासिक आधार नाही. भाषेच्या दृष्टीने पाहता इटालियनमध्ये ‘पानेत्तो’ म्हणजे लहान पाव. त्याला मोठेपणा दर्शवणारा ‘ओने’ हा प्रत्यय लागून पानेत्तोने हा शब्द सिद्ध होतो. अर्थात ‘मोठा पाव’ इतकाच त्याचा सरळ अर्थ. नाताळच्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा आणि उंची पाव घरात कापण्याची प्रथा मिलानमध्ये जुनी आहे.

आज परिचित असलेला उंच आकार मात्र विसाव्या शतकातील आहे. पूर्वी हा पाव बुटका आणि पसरट असे. आंजेलो मोत्ता यांनी १९१९ मध्ये मिलान येथे आपली बेकरी सुरू केली. पिठाच्या गोळ्याभोवती कागदाचे कडे लावल्याने पाव बाजूला न पसरता वर चढू लागला. जोआकिनो आलेमान्या हे त्यांचे प्रतिस्पर्धी. या दोघांच्या स्पर्धेतून पानेत्तोनेचे कारखानदारी उत्पादन वाढले आणि मिलानचा पाव साऱ्या इटलीचा झाला. शेजारच्या पिएमोंत प्रांतात बुटका प्रकारही टिकून आहे. त्यावर हेझलनटचा गोड लेप असतो. इटालियन स्थलांतरितांबरोबर हा पाव दक्षिण अमेरिकेत पोहोचला. ब्राझील, अर्जेंटिना आणि पेरू या देशांत तो आज नाताळचा अविभाज्य भाग आहे.

खरा पानेत्तोने कोणता?

स्वस्त चरबी आणि कृत्रिम सुगंध वापरून केलेले पावही याच नावाने विकले जाऊ लागले, तेव्हा इटालियन सरकारने या नावाची व्याख्या निश्चित केली. २२ जुलै २००५ च्या आदेशानुसार पानेत्तोने म्हणवल्या जाणाऱ्या पदार्थात लोण्यातील स्निग्धांश किमान १६ टक्के, बेदाणे व पाकवलेल्या लिंबूवर्गीय साली किमान २० टक्के आणि अंड्यातील पिवळा बलक किमान ४ टक्के असणे बंधनकारक आहे. त्याचबरोबर तो नैसर्गिक आंबवणाने, म्हणजेच आंबट कणकेने फुगवलेला असला पाहिजे. याच आदेशात व्हेरोना शहराचा पांदोरो आणि ईस्टरच्या सणाला होणारा, कबुतराच्या आकाराचा कोलोंबा यांचेही निकष ठरवण्यात आले. हा नियम इटलीतील उत्पादनाला लागू आहे. अन्य देशांत कोणत्याही गोड पावाला हे नाव देता येते. म्हणून विकत घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचणे हिताचे. यादीत लोण्याऐवजी वनस्पती तूप किंवा मार्गारिन असेल, तर तो पदार्थ नावापुरताच पानेत्तोने होय.

पांदोरो आणि पानेत्तोने यांत अनेकांचा गोंधळ होतो. पांदोरोचा आकार आठ टोकांच्या ताऱ्यासारखा असतो, त्यात फळे नसतात आणि वर पिठीसाखर भुरभुरवलेली असते.

आंबवणाचे महत्त्व

पारंपरिक पानेत्तोनेचा प्राण म्हणजे ‘लिएवितो माद्रे’, शब्दशः ‘आई-खमीर’. मैदा आणि पाणी यांच्या घट्ट गोळ्यात नैसर्गिक यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जिवाणू एकत्र नांदतात. आपल्याकडे घराघरांत विरजण राखले जाते, तसे बेकर हे खमीर रोज ताजे पीठ व पाणी देऊन वर्षानुवर्षे जिवंत ठेवतात. काही जण ते कापडात गच्च बांधून ठेवतात, तर काही थंड पाण्यात बुडवून. पाव करण्याच्या दिवशी त्याला सहसा तीन वेळा, सुमारे चार-चार तासांच्या अंतराने पीठ दिले जाते. त्यामुळे आंबटपणा आटोक्यात राहतो आणि फुगवण्याची शक्ती वाढते.

पानेत्तोनेचे पीठ यीस्टसाठी मोठे प्रतिकूल असते. भरपूर साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे यीस्टची वाढ मंदावते. लोणी ग्लुटेनच्या धाग्यांवर थर चढवून ते जुळू देत नाही. म्हणूनच सर्व साहित्य एकाच वेळी मिसळत नाहीत. प्रथम एक पीठ मळून ते रात्रभर तिपटीपर्यंत फुगू देतात. दुसऱ्या दिवशी त्यात उरलेला मैदा, बलक, साखर, लोणी आणि फळे क्रमाक्रमाने घालतात. सौम्य आम्लतेमुळे पावाला विशिष्ट स्वाद येतो आणि बुरशी लवकर धरत नाही. उत्तम पानेत्तोने कित्येक आठवडे मऊ राहतो, याचे रहस्य या आंबवणात आहे.

आंबवणाची ही कला भारताला नवीन नाही. गोव्यातील पदेर, म्हणजे पाव भाजणारे, पोर्तुगीज काळापासून पीठ फुगवण्यासाठी माडाची सूर वापरत आले. कृत्रिम यीस्ट हाताशी नसताना निसर्गातील यीस्ट कामाला लावण्याची ती रीत होती; तत्त्व तेच.

लिएवितो माद्रे तयार करून तो पुरेसा सशक्त होण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून येथे दिलेली कृती बाजारात मिळणाऱ्या इन्स्टंट यीस्टवर आधारलेली, परंतु आदल्या रात्रीच्या आंबवणाची आहे. तिने सुमारे एक किलो पिठाचा एक पाव होतो. यात बलक आणि फळे इटालियन निकषापेक्षा अधिक आहेत. मात्र स्निग्धांश सुमारे ११ टक्केच आहे. नवशिक्याला याहून अधिक लोणी पिठात जिरवणे कठीण जाते. तेव्हा हा पाव पानेत्तोनेच्या घराण्यातील असला तरी कायद्याच्या कसोटीला उतरणारा नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

साहित्य

मैदा ३०५ ग्रॅम आणि गव्हाचे ग्लुटेन १५ ग्रॅम, एकत्र चाळून. पाणी ५५ ग्रॅम. कोमट दूध ८० ग्रॅम. इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, म्हणजे सुमारे सव्वा चहाचा चमचा, आणि आदल्या रात्रीसाठी वेगळी चिमूटभर. साखर १०० ग्रॅम. पाच अंड्यांतील पिवळा बलक. मीठविरहित बटर १२० ग्रॅम आणि वर ठेवण्यासाठी लहान तुकडा. मध २ चहाचे चमचे. मीठ ५ ग्रॅम. एका संत्र्याच्या सालीचा कीस. व्हॅनिला. बेदाणे १२० ग्रॅम. पाकवलेल्या साली १०० ग्रॅम.

सर्व साहित्य वाटीने न मापता वजनकाट्यावर मोजावे. भारतातील साध्या मैद्यात प्रथिने कमी असतात. एवढे लोणी आणि फळे पेलण्यासाठी मजबूत पीठ लागते, म्हणून ग्लुटेनची जोड दिली आहे. मजबूत ब्रेडचे पीठ मिळाल्यास तेच ३२० ग्रॅम घ्यावे. अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी हा पाव अंड्याविना करण्याचा आग्रह धरू नये. बलकातील लेसिथिन लोणी आणि पाणी यांना एकत्र बांधते. ते नसल्यास वेगळा गोड पाव होईल, पानेत्तोने नव्हे.

बेदाणे सांगली-तासगावकडचे उत्तम चालतात. ते अर्धा तास कोमट पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात भिजवून, निथळून, कापडावर रात्रभर कोरडे करावेत. ओले बेदाणे पीठ सैल करतात.

साली घरी पाकवणे

बाजारातील टुटीफ्रुटी बहुतेक वेळा कच्च्या पपईची असते. तिला लिंबूवर्गीय फळाचा सुवास नसतो. साली घरी पाकवणे अवघड नाही. इटलीत संत्र्याबरोबर वापरले जाणारे ‘चेद्रो’ म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असलेले फळ तेच. त्याचा जाड पांढरा गर पाकवण्यास फार चांगला. महाळुंग न मिळाल्यास जाड सालीचे संत्रे घ्यावे. नागपुरी संत्र्याची साल पातळ असल्याने ती लवकर विरघळते.

सालीचे पट्टे करून तीन वेळा ताज्या पाण्यात उकळावेत आणि प्रत्येक वेळी ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे कडवटपणा जातो. नंतर सालीच्या वजनाइतकी साखर आणि साली बुडतील इतके पाणी घालून मंद आचेवर सुमारे पाऊण तास शिजवाव्यात. साली पारदर्शक दिसू लागल्या की जाळीवर पसरून एक दिवस सुकवाव्यात आणि बारीक चिराव्यात.

कृती

आदली रात्र : मैद्याच्या मिश्रणातील १०० ग्रॅम, ५५ ग्रॅम पाणी आणि चिमूटभर यीस्ट यांचा घट्ट गोळा करावा. झाकून सुमारे १२ तास ठेवावा. मुंबई किंवा चेन्नईसारख्या उबदार हवेत ९ ते १० तास पुरतात.

पहिले पीठ : सकाळी हा गोळा तोडून कोमट दुधात मिसळावा. त्यात ६० ग्रॅम साखर, तीन बलक, १५० ग्रॅम मैदा आणि ४ ग्रॅम यीस्ट घालून दहा मिनिटे मळावे. नंतर ५० ग्रॅम मऊ बटर थोडे थोडे घालून आणखी दहा मिनिटे मळावे. झाकून २६ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात दुप्पट होऊ द्यावे. यास अडीच ते तीन तास लागतात. डिसेंबरमध्ये दिल्ली, इंदूर, नागपूर येथे स्वयंपाकघर थंड असते. अशा वेळी बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचे भांडे ठेवून त्याशेजारी पीठ ठेवावे. ओव्हन मात्र सुरू करू नये.

दुसरे पीठ : फुगलेल्या पिठात उरलेला ७० ग्रॅम मैदा आणि एक बलक घालून एकजीव होईपर्यंत मळावे. मग उरलेला बलक आणि ४० ग्रॅम साखर दोन-तीन हप्त्यांत, त्यानंतर मीठ, मध, संत्र्याचा कीस आणि व्हॅनिला घालावे. शेवटी ७० ग्रॅम बटर चार-पाच हप्त्यांत घालावे. आधीचा हप्ता पूर्ण जिरल्याशिवाय पुढचा घालू नये. पुरणपोळीची कणीक तेल लावून तिंबतात, तसे हे पीठ उचलून आपटत, ताणत तिंबावे. यंत्र असल्यास काम सुकर होते. पिठाचा लहान तुकडा बोटांनी ताणल्यावर न फाटता पारदर्शक पडदा तयार झाला की मळणे पूर्ण झाले असे समजावे.

मळताना घर्षणाने पीठ तापते. ते २७ अंशांच्या वर गेले तर लोणी वितळून बाहेर येते आणि गोळा तेलकट होतो. तसे दिसू लागताच पीठ वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा काम सुरू करावे. सर्वांत शेवटी बेदाणे आणि साली हलक्या हाताने मिसळाव्यात.

साच्यात घालणे : पीठ अर्धा तास विसावू द्यावे. ओट्याला व हातांना किंचित बटर लावून त्याचा ताठ, गुळगुळीत गोळा वळावा आणि कागदी साच्यात ठेवावा. साचा सुमारे १७ सेंटीमीटर व्यासाचा आणि ११ सेंटीमीटर उंचीचा असावा. मोठ्या शहरांत बेकिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत असे साचे मिळतात. धातूच्या डब्यात भाजल्यास पुढील महत्त्वाची पायरी, म्हणजे उलटे टांगणे, अवघड होते. पीठ काठाच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली येईपर्यंत फुगू द्यावे. यास तीन ते पाच तास लागू शकतात. घड्याळाकडे नव्हे, तर पिठाकडे पाहून निर्णय घ्यावा.

भाजणे : पीठ पंधरा मिनिटे उघडे ठेवावे म्हणजे वर पातळ साय धरते. धारदार पात्याने त्यावर फुलीच्या आकाराची चीर द्यावी आणि मध्ये बटरचा तुकडा ठेवावा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात १७० अंशांवर ४५ ते ५० मिनिटे भाजावे. लहान ओव्हनमध्ये पावाचा माथा वरच्या सळईच्या फार जवळ येतो, म्हणून उंची आधीच तपासावी. माथा लवकर गडद झाल्यास त्यावर अॅल्युमिनियमचा कागद सैल ठेवावा. पावाच्या मध्यभागाचे तापमान ९२ ते ९५ अंश झाले की तो तयार झाला. या पदार्थासाठी अन्न-तापमापक घेणे फायद्याचे, कारण केवळ रंगावरून अंदाज चुकतो.

उलटे टांगण्याचे कारण

ओव्हनमधून काढताच, क्षणाचाही विलंब न लावता पाव उलटा करावा लागतो. गरम असताना त्यातील स्टार्च पुरता घट्ट झालेला नसतो आणि लोणी वितळलेले असते. सरळ ठेवल्यास जड माथा स्वतःच्याच भाराने खाली बसतो आणि आतील जाळी दबते. उलटा टांगल्यास तोच भार जाळीला ताणून धरतो. यासाठी तळापासून दोन सेंटीमीटरवर कागदासकट दोन लांब सळ्या आरपार घालतात. घरी लोकरीच्या विणकामाच्या धातूच्या सुया यासाठी योग्य ठरतात. त्या स्वच्छ धुऊन ओव्हनशेजारी तयार ठेवाव्यात. पाव उलटून सुयांची टोके खोल पातेल्याच्या काठांवर टेकवावीत. माथा तळाला टेकता कामा नये. किमान आठ तास, शक्यतो रात्रभर, तो तसाच राहू द्यावा.

चुका आणि त्यांची कारणे

टांगल्यावर पाव सुयांवरून निसटून पडला, तर तो आतून कच्चा राहिला होता किंवा सुया तळाच्या फार जवळ घातल्या गेल्या. पाव घट्ट आणि बुटका झाला, तर शेवटचे फुगणे अपुरे राहिले. भाजताना माथा सपाट होऊन खचला, तर फुगणे मर्यादेबाहेर गेले. आतून तेलकट थर दिसला, तर मळताना पीठ तापले. बेदाणे तळाशी गोळा झाले, तर ते ओले होते किंवा पिठाची ताकद कमी पडली. या प्रत्येक चुकीला उपाय आहे. मात्र पहिल्याच प्रयत्नात सर्व काही जमेल, अशी अपेक्षा व्यावसायिक बेकरही ठेवत नाहीत.

साठवण आणि वाढणे

थंड झालेला पाव हवाबंद पिशवीत ठेवावा. दुसऱ्या दिवशी त्याचा स्वाद अधिक खुलतो. यीस्टचा हा पाव कोरड्या, थंड हवेत चार-पाच दिवस चांगला राहतो. किनारपट्टीच्या दमट हवेत तो लवकर संपवावा किंवा तुकडे करून डीप फ्रिजमध्ये ठेवावा. कापताना केकप्रमाणे वरून खालपर्यंत उभ्या फोडी कराव्यात आणि खाण्यापूर्वी त्या किंचित कोमट कराव्यात. इटलीत तो कॉफीबरोबर, गोड वाइनबरोबर किंवा मास्कारपोने या मऊ चीजच्या क्रीमबरोबर खातात.

मिलानमध्ये नाताळचा सगळा पानेत्तोने त्याच दिवशी संपवत नाहीत. त्याचा एक तुकडा राखून ठेवतात आणि ३ फेब्रुवारीला, संत ब्याजो यांच्या दिवशी, घरातील सर्व जण तो वाटून खातात. हे संत घशाचे रक्षण करणारे मानले जातात, आणि तो शिळा घास वर्षभर घशाच्या दुखण्यापासून दूर ठेवतो अशी श्रद्धा आहे. चाळीस दिवसांनंतरही खाण्याजोगा राहणारा हा तुकडा म्हणजे जुन्या आंबवणाच्या सामर्थ्याचा पुरावाच होय.